वारसा की वेठ?

'जतन' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात तो असतो, सत्काराच्या मानपत्रात असतो आणि दिवाळी अंकाच्या संपादकीयात तर असतोच असतो. भाषेचे जतन, संस्कृतीचे जतन, लोप पावत चाललेल्या कलांचे जतन. सीमाभागातल्या एका मराठी हायस्कूलचा मुख्याध्यापक या नात्याने वर्षाकाठी दहा-पंधरा व्यासपीठांवर बसण्याचा योग मला येतो आणि जवळजवळ तितक्याच वेळा हा शब्द कानी पडतो. टाळ्या होतात, आभारप्रदर्शन होते, माणसे घरी जातात. ज्याचे जतन करायचे ते पुढच्या कार्यक्रमापर्यंत कोठे असते आणि कोणाच्या जिवावर तग धरते, याची विचारपूस सहसा होत नाही.

म्हणून एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. एखादी कला वर्षातून एकदा, उत्सवापुरती लोकांसमोर येत असेल, तर तिला जिवंत म्हणायचे का? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, ती जिवंत ठेवण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकायचे, आणि ते टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

घरचे उदाहरण घेतले की आपण लगेच हळवे होतो आणि हळवा माणूस नीट हिशेब करीत नाही. म्हणून उदाहरण दूरचे घेतो. युरोपात स्लोव्हेनिया नावाचा चिमुकला देश आहे. त्याच्या पश्चिम भागात डोंगरांच्या कुशीत इद्रिया हे सहा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. मी तेथे गेलेलो नाही. माझी त्याची ओळख पुस्तकी आहे. पण या गावाविषयी वाचू लागलो तेव्हा ते मला आपल्या पंचक्रोशीतलेच वाटू लागले. त्याचे कारण पुढे येईल.

हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, पारा आणि लेस. १४९० च्या सुमारास तेथे पारा सापडला. लाकडी बादल्या बनवणाऱ्या एका माणसाने आपली बादली झऱ्यात बुडवली आणि तळाशी चकाकणारा जड द्रव पाहिला, अशी आख्यायिका सांगतात. पुढे जवळजवळ पाचशे वर्षे खाण चालली. स्पेनमधल्या अल्मादेनच्या खालोखाल जगातली ती दुसरी मोठी पाऱ्याची खाण. आज दोन्ही खाणी बंद आहेत आणि २०१२ साली युनेस्कोने त्यांना एकत्रितपणे जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

पाऱ्याची वाफ शरीरात भिनली की माणसाचे हात कापू लागतात, हिरड्या सुजतात, दात हलतात. स्कोपोली नावाचा डॉक्टर १७५४ पासून सुमारे पंधरा वर्षे इद्रियात होता. खाणकामगारांच्या या दुखण्यांविषयी त्याने १७६१ साली लिहून ठेवले आहे. अशा कामाचा मोबदलाही संसाराला पुरेल इतका नसे. म्हणून खाणकामगारांच्या बायकामुली लेस विणत. १६९६ च्या एका नोंदीत इद्रियाच्या लेसचा उल्लेख सापडतो. म्हणजे तीनशे वर्षांहून अधिक काळ त्या गावातल्या कित्येक घरांत असे चित्र असणार की घरधन्याचे हात कापताहेत आणि त्याच घरात घरधनीण केसासारखा धागा हाताळते आहे. त्या नाजूक जाळीकडे पाहताना हे दुसरे हात आठवल्यावाचून राहत नाहीत.

लेस म्हटली की आपल्यापुढे उशीच्या अभ्र्याला लावायची, दुकानात मीटरवर मिळणारी पट्टी येते. ती यंत्राची. आपल्या आया-मावश्यांनी दारासाठी केलेली तोरणे, टेबलावरचे रुमाल आणि पुढे दूरदर्शन संचावर घातलेली झाकणे ही क्रोशाची, एका आकडेदार सुईने केलेली. इद्रियाची लेस याहून वेगळी. लोडासारखी घट्ट भरलेली उशी समोर ठेवायची, तिच्यावर कागदी नमुना बसवायचा आणि लाकडी बॉबिनांवर गुंडाळलेले धागे जोडीजोडीने हाताळायचे. मूळ हालचाली दोनच. एक धागा दुसऱ्यावरून ओलांडायचा आणि एकाला दुसऱ्याचा पीळ द्यायचा. वीण जागेवर राहावी म्हणून टाचण्या टोचत जायचे. काम संपले की टाचण्या काढायच्या. हाती उरते ती निव्वळ नक्षी, तिच्याखाली कापड नसतेच. दोन हालचालींत सगळे व्याकरण संपते, पण ते हातात मुरायला वर्षे लागतात.

आता पहिला प्रश्न. जी कला गरिबीतून, नाइलाजातून आली ती जगवावीच कशासाठी?

हा प्रश्न पुस्तकातून उचललेला नाही. आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी स्थानिक व्यवसायांचे प्रदर्शन भरवायचे ठरले. शहापूर-वडगाव-खासबाग हा आमच्याकडचा विणकरांचा पट्टा. हातमाग जाऊन तेथे यंत्रमाग आले आणि आता यंत्रमागही अडचणीत आहेत. एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडे घरात जुना हातमाग होता. प्रदर्शनात मुलाने बापाशेजारी बसून माग चालवून दाखवावा, अशी आमच्या एका शिक्षकांची कल्पना होती. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "सर, तुमाला माग बघूस बरा वाटतोय. मला त्याच्यावर बसूस लागतंय. पोरग्याला नको."

या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय 'जतन' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही, असे माझे मत आहे. ज्याची पाठ मोडते त्याच्या पाठीवर आपण संस्कृती उभी करतो आणि लांबून कौतुक करतो. याला जतन म्हणत नाहीत. आपल्या जुन्या भाषेत याला वेठ म्हणतात. फरक इतकाच की पूर्वीची वेठ गावचा पाटील लावी आणि ही वेठ रसिक लावतात.

लेसच्याच बाबतीत आपल्या देशातला दाखला आहे. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली आपली गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे तिचा मोठा निर्यात व्यापार उभा राहिला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या विणकरणींचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना दिसले ते असे. बाई घरचे सगळे उरकून दिवसाचे सहा-आठ तास सुई चालवते. तिचा माल दूरदेशी जातो. व्यापार पुरुषांच्या हाती असतो आणि तिला मिळणारी मजुरी शेतमजुरीपेक्षाही कमी भरते. तरी कोणी तिला कामगार म्हणत नाही. ती 'घरीच असते', हा तिचा 'फावल्या वेळचा उद्योग'. घराबाहेर मजुरीला न जाणे हे प्रतिष्ठेचे, म्हणून तीही स्वतःला गृहिणीच म्हणवते. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन मालाला मिळते. विणणारीच्या पदरात काय पडते, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो आणि तो मांडला नाही तर मानांकन ही केवळ एक चिठ्ठी ठरते.

मग मरू द्यावी का ही कला? यंत्र लेस करते, स्वस्त करते. खाणकामगाराच्या बायकोची आणि गोदाकाठच्या बाईची सुटका होत असेल तर रडायचे कशासाठी? या युक्तिवादात तथ्य आहे आणि त्याला उडवून लावणारे लोक बहुधा स्वतः मागावर किंवा उशीसमोर बसलेले नसतात. तरीही तो अपुरा आहे, असे मला वाटते. कला आणि तिला चिकटलेला नाइलाज या दोन वस्तू आहेत. पोटासाठी म्हणून ओव्या म्हणत जात्यावर बसणाऱ्या बाईची जात्यापासून सुटका झाली, हे उत्तमच झाले. पण म्हणून तिच्या ओव्याही फालतू होत्या असे कोणी म्हणणार नाही. नाइलाज संपल्यावर ती गोष्ट कोणी आपखुशीने हाती घेते का, यावरच तिचे खरे मोल कळते.

आणि इथेच इद्रियाचे उदाहरण उपयोगी पडते. खाण गेली, खाणीबरोबर तो नाइलाज गेला, आणि लेस राहिली. कशी राहिली? आपण चटकन म्हणू, महोत्सवामुळे. दर उन्हाळ्यात तेथे लेसचा महोत्सव भरतो. पाऱ्याचा बाजार पडून खाणीला उतरती कळा लागलेली असताना, १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तो सुरू झाला. गावभर प्रदर्शने मांडतात, लेसचे पोशाख घालून मिरवतात आणि मुलांच्या विणकामाच्या स्पर्धा होतात. पाहुणे येतात, विक्री होते. २०१८ साली स्लोव्हेनियातल्या या विणकामाला युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

पण महोत्सवात स्पर्धेला बसणारे मूल त्या दिवशी विणायला शिकत नाही. ते आधी शिकून आलेले असते. ते कोठे शिकले, याचे उत्तर महोत्सवाच्या शंभर वर्षे आधी जन्मलेल्या एका संस्थेत आहे. १८७६ साली इद्रियात लेसची शाळा निघाली. इवान्का फेर्यान्चिच या तिच्या पहिल्या शिक्षिका. ती शाळा आजही चालू आहे. मुली येतात, मुलगेही येतात. नेहमीची शाळा सांभाळून, आपल्या आवडीने येतात.

शाळा निघाली तेव्हा तेथे ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे राज्य होते. पहिल्या महायुद्धानंतर सैन्य आले ते इटलीचे, आणि १९२० च्या रापालोच्या तहाने हे गाव रीतसर इटलीत गेले. पुढे मुसोलिनीची राजवट आली. १९२३ च्या शिक्षणसुधारणेने इटालियन हीच शाळांची भाषा ठरली आणि एकेक वर्ग करीत स्लोव्हेनियन भाषा शाळांतून हद्दपार झाली. ज्या गावाने १९०१ साली स्लोव्हेनियन भाषेतले पहिले शास्त्र-गणितप्रधान माध्यमिक विद्यालय उघडले होते, त्या गावाच्या मुलांना आपल्या भाषेत धडा वाचता येईना. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या तहाने गाव युगोस्लाव्हियात गेले आणि १९९१ पासून स्वतंत्र स्लोव्हेनियात आहे. म्हणजे एखादी म्हातारी जागची न हलता चार राज्ये पाहून गेली असेल. हे गाव मला आपल्या पंचक्रोशीतले का वाटले, ते आता वाचकांच्या ध्यानी आले असेल. तेथे हुकूमशाही होती, आपल्याकडे लोकशाही आहे, न्यायालये आहेत. तेव्हा तुलना ताणू नये हे मीही जाणतो. पण १ नोव्हेंबर १९५६ ची आठवण सांगणारी माणसे ज्या घरांत होऊन गेली, त्या घरांना माणूस जागेवर राहून रेषा कशी सरकते हे समजावून सांगावे लागत नाही.

राज्ये आली, गेली. लेसची शाळा राहिली. उत्सवाचे मोल मी कमी करीत नाही. उत्सवामुळे कामाला तारीख मिळते, आणि तारखेवाचून माणसाचे काम पुरे होत नाही हे परीक्षा घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला चांगले ठाऊक आहे. कामाला साक्षीदार मिळतो. चार भिंतींत बसून केलेल्या कामाकडे परकी माणसे थांबून पाहतात, तेव्हा बारा वर्षांच्या मुलाला आपण काही करतो आहोत असे वाटते. एवढे उत्सव करू शकतो. हाताला वळण मात्र तो लावू शकत नाही. आषाढीला पंढरपुरी गेल्याने कोणी वारकरी होत नाही. गळ्यातली माळ आणि रोजचा हरिपाठ त्याला वारकरी करतो. एकादशी हा त्या रोजच्या नेमाचा सोहळा आहे. नेम सुटला आणि एकादशी तेवढी उरली तर तिची जत्रा होते. जत्राही वाईट नसते, पण जत्रेला वारी म्हणू नये.

आता जबाबदारीचा प्रश्न. त्या विणकर गृहस्थाला मी काय उत्तर देणार? पुष्कळ विचार केल्यावर माझ्यापुरते उत्तर असे आहे. मुलाने बापाचा धंदा पत्करलाच पाहिजे, अशी अपेक्षा करण्याचा हक्क कोणालाच नाही, ना गावाला, ना शाळेला, ना रसिकांना. नाही म्हणण्याचा त्या मुलाचा हक्क पुरा आहे. पण नाही म्हणण्यासाठी आधी ती गोष्ट समोर यावी लागते. शिकून सोडणे ही निवड आहे. न शिकवल्यामुळे मुकणे ही निवड नव्हे, तो तोटा आहे, आणि तो मुलाच्या नकळत, त्याच्या वतीने मोठ्यांनी करून ठेवलेला असतो. 'त्याला काय करायचे आहे त्याचे?' असे म्हणून आपण एखादी गोष्ट मुलापुढे येऊच देत नाही, तेव्हा आपण त्याला ओझ्यातून सोडवीत नसतो. त्याच्या वतीने नकार देऊन मोकळे होत असतो.

तेव्हा मागच्या पिढीचे कर्तव्य मर्यादित आहे, पण ते पक्के आहे. मुलाकडून निष्ठा मागू नये. त्याला शिकवणारा माणूस, आठवड्यातला तास आणि बसायची जागा, एवढे द्यावे. मग त्याने ते पुढे न्यावे की ठेवून द्यावे, हे त्याच्यावर सोडावे. जो पुढे नेईल त्याच्या हाताचे योग्य दाम द्यावे, आणि महाग म्हणून घासाघीस करताना आपणच कालच्या सभेत 'जतन' म्हणून टाळी वाजवली होती हे आठवावे.

कोणी म्हणेल, लेस आणि भाषा एक नव्हेत. मान्य. लेस सुटली तर एक कौशल्य जाते. भाषा सुटली तर आजीशी बोलायचे राहून जाते आणि घरातली जुनी पत्रे वाचणारा कोणी उरत नाही. पण म्हणूनच ही गोष्ट भाषेला अधिक लागू पडते. आपल्या मुलांना कन्नड येणे आवश्यक आहे, इंग्रजी येणे आवश्यक आहे. त्यात पोटाचा प्रश्न आहे आणि पोटाच्या प्रश्नाची चेष्टा करू नये. जे पालक मुलाला इंग्रजी शाळेत घालतात त्यांना मराठीचे वैरी ठरवण्यातही अर्थ नाही. माझ्या शाळेचा पट कमी होतो आहे हे खरे. पण पट वाढावा म्हणून कोणा बापाच्या मनात अपराधाची भावना घालणे ही पुन्हा वेठच झाली. मात्र त्याच बापाला मी एक विचारू शकतो. मूल कोणत्याही शाळेत जावो, आठवड्यातून एक तास त्याला मराठी वाचायला-लिहायला कोण शिकवते? कोणीच नसेल, तर पंधरा वर्षांनी ते मूल मराठी सोडील असे म्हणता येणार नाही. सोडायला ती त्याच्या हातात आलेलीच नसेल.

कडोली, उचगाव यांसारख्या आपल्या गावांतून साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, लेझीम खेळतात, गावातल्या बायका दारात रांगोळ्या काढतात, घरोघर पाहुणे जेवतात. हे आपले वैभव आहे आणि शहरातल्या पुष्कळ संमेलनांनी हेवा करावा इतके ते मनापासूनचे असते. ज्यांनी पदरमोड करून ती वर्षानुवर्षे चालवली त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझी सूचना एवढीच की संमेलनाचा अहवाल लिहिताना उपस्थितीच्या आकड्याबरोबर आणखी एक आकडा त्यात लिहावा. गेल्या संमेलनापासून या संमेलनापर्यंत गावातली किती मुले ग्रंथालयाची पायरी चढली, आणि कितीजणांनी स्वतःहून एक पान मराठी लिहिले? आकडा लहान असेल. पहिल्या वर्षी सात असेल. पण तो खरा असेल आणि पुढच्या वर्षी त्याच्याशी तुलना करता येईल. तीच गोष्ट या दिवाळी अंकाची. तो कपाटात जपून ठेवणाऱ्या वाचकांचे आभार मानावेत. पण घरातल्या नातवाकडून त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून घेणाऱ्या आजोबांनी अंकाची किंमत पुरी वसूल केली असे मी म्हणेन.

लेसच्या उशीवर अर्धवट काम राहिले तर ते तसेच ठेवता येते. टाचण्या जागेवर असतात, बॉबिना जोडीजोडीने पडून असतात, कागदावरचा नमुना पुढची वाट दाखवीत असतो. ज्याला त्या दोन हालचाली येतात तो कोणीही येऊन पुढे विणू शकतो. ज्याला येत नाहीत त्याच्या दृष्टीने तो नुसता धाग्यांचा गुंता असतो, मग ती उशी काचेच्या पेटीत कितीही जपून ठेवलेली असो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास आमच्या शाळेचा एक वर्ग उघडा ठेवायचा, असे आम्ही शिक्षकांनी ठरवले आहे. कोणत्याही माध्यमाच्या मुलाने यावे, मराठी वाचावे, लिहावे. शुल्क नाही, हजेरी नाही, बक्षीस नाही. वडगावच्या त्या गृहस्थांनाही निरोप धाडला आहे. मुलाला मागावर बसवण्यासाठी नव्हे. मागाच्या एकेका भागाला घरात काय म्हणतात, ती नावे त्यांनी एका शनिवारी मुलांना सांगावीत, एवढ्यासाठी. शाळा त्यांना त्या दिवसाची मजुरी देणार आहे.